हत्तीच्या रांगेत

तिकीटखिडकीतला पोरगा विचारतो, "लहान किती, काकू?"
"एकच," म्हणते मी.
तो माझ्या मागं बघतो. मागं मोकळा जिना
आणि पायरीवर आडवं पडलेलं एक कुत्रं.
मग मी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवते.
तो हसतो, पण पैसे पूर्ण घेतो.

शनिवार सकाळचा खेळ, चित्रांचा, मराठीत बोलणारा.
माझ्या ओळीत राजवर्धनचा वाढदिवस,
कागदी मुकुट घातलेली चौदा पोरं,
पायाखाली लाह्यांचा सडा,
आणि पडद्यावर एक गोगलगाय
समुद्र बघायला निघालेली, पाठीवर बिऱ्हाड.
मध्यंतराच्या जरा आधी मला रडू फुटलं.
शेजारच्या मुकुटानं कोपरानं ढोसलं:
"आजी, रडू नका. पोचती ती.
मी दोनदा बघितलाय."

शकुंतला कुरणे म्हणते, "अगं, वय काय तुझं!"
वय एकसष्ट.
त्यातली बत्तीस वर्षं वीज मंडळाच्या खिडकीत
चुकलेली बिलं दुरुस्त करण्यात गेली.
लोखंडी जाळी. जाळीपलीकडं माणसं,
उद्यमनगरातली, लक्ष्मीपुरीतली, पार गगनबावड्याकडची,
आपापले खरे चेहरे घेऊन आलेली.
त्यातला एकही चेहरा
मला बघून दोन्ही हात हलवत आला नव्हता.

निळा हत्ती येतो. लांबून येतो.

कळंब्याच्या वाटेवर नवी बाग झालीय,
पाळणे, घसरगुंड्या, फक्त रविवारी उडणारं कारंजं,
आणि फाटकात हा, पोट पुढं काढून,
जणू आत्ताच कुणाच्या तरी पंगतीत
पांढरा रस्सा ओरपून आलाय.
रांगेतली पुढची बाई विचारते, "नातू कुठाय तुमचा?"
"येतोय," म्हणून गेले मी.
खोटं का बोलले, ठाऊक नाही.
नातू नाही. मूल नाही. कधी नव्हतंच,
आणि त्याचा या हत्तीशी काही एक संबंध नाही,
हे तिला उन्हात उभ्या उभ्या कसं सांगायचं?

नंबर आला. हत्तीनं मिठी मारली.
स्पंजचा वास, घामाचा, कुठंतरी कापराचा.
सोंडेखालून, कानाजवळ, तालमीतला भरदार आवाज:
"काकू, हळू. मुंडकं सैल हाय."
मग आणखी हळू:
"पाणी हाय काय ओ?"

मे महिना. दुपारचे बारा.
सोंडेखाली जाळी, जाळीआड दोन डोळे.
या वेळी मी बाहेरच्या बाजूला.

त्याला चिंचेखाली नेलं. हातात बाटली दिली.
छत्री उघडली, तिच्यावरून पदर ताणला
आणि हत्तीकडं पाठ करून उभी राहिले.
रांग बिथरली.
"हत्ती काय करतोय?"
"आंघोळ."
"एवढ्याशा छत्रीत?"
"लाजाळू आहे तो."
मागं काहीतरी फर्रकन उसवल्यासारखं सुटलं,
मग गट् गट् गट्,
मग एक लांबलचक "आई गं",
मग, "संपली ओ सगळी. माफ करा."

एकदा वळता आलं असतं मला.
मिशा असतील? टक्कल?
की कुस्ती सुटलेला, कान मोडलेला कुणी पोरगा,
ज्याच्या घरचं बिल कधीतरी माझ्याच हाताखालून गेलं असेल?
वळले नाही.
पोरांसाठी नव्हे. पोरं केव्हाच पाळण्याकडं पळाली होती.

पुढच्या बाईनं काढलेल्या फोटोत
माझे डोळे मिटलेत.
हत्ती नेहमीसारखाच हसतोय,
फक्त मुंडकं जरा डावीकडं वळलंय.
शकुंतला म्हणाली, "परत जाऊन नीट काढ."
मी म्हटलं, रविवारी.
कारंजंही चालू असतं.